असिस्टेड चाकू रोज खिशात बाळगावा का? सव्वा महिन्याचा अनुभव

ठिबकवाला
नमस्कार मंडळी. माझं काम ठिबक जोडणीचं. कागल, करवीर, राधानगरी पट्ट्यात दिवसभर रानातून फिरणं. १६ मिलिमीटरची लॅटरल (ठिबकची नळी) कापणे, खताच्या पोत्याची शिवण उसवणे, पॅकिंगच्या पट्ट्या, सुतळी, आणि दुपारी बांधावर बसलं की कांदा-काकडी. इतकी वर्षं हॅक्सॉचं तुटकं पान एका बाजूनं चिकटपट्टी गुंडाळून वापरलं. दिवाळीला स्वतःसाठी असिस्टेड ओपनिंगचा, म्हणजे पातं थोडं ढकललं की पुढं स्प्रिंगनं उघडणारा, घडीचा चाकू घेतला.

पातं सव्वातीन इंच, स्टील ८सीआर१३एमओव्ही, मूठ ॲल्युमिनियमची, लायनर लॉक (उघडलेलं पातं मुठीतली पत्र्याची पट्टी बुडाशी अडवून धरते), मागं फ्लिपरचा दांडा, खिशाला अडकवायची क्लिप. वजन घरच्या काट्यावर ११० ग्रॅम भरलं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला या प्रकारच्या चाकूबद्दल विचारायचंय, त्या कंपनीबद्दल नाही.

आवडलं ते आधी सांगतो. डाव्या हातात नळी धरलेली असते, ती सोडली की चिखलात जाते. उजव्या हाताच्या तर्जनीनं दांडा दाबला की पातं खट्कन बाहेर येऊन लॉक होतं. दिवसातून पन्नास वेळा हे करणाऱ्यालाच त्याची किंमत कळेल.

आता खटकलं ते. नवव्या-दहाव्या दिवशी धार उतरली. उसाच्या सरीत काम केल्यावर पातं अर्ध्यातच अडकायला लागलं. आणि गेल्या आठवड्यात एका हातानं बंद करताना शेवटच्या टप्प्यात पातं आपसूक आत ओढलं गेलं आणि अंगठा कापला. दोन टाके पडले. ठेवू, की साधा घडीचा चाकू घेऊ? खिशात घेऊन शहरात फिरायला कायद्याची काही अडचण आहे का, तेही सांगा.

आठवी_गल्ली
खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी! भावा, फोटो टाक की. अंगठ्याचा नको, चाकूचा.

उद्यमनगरी
तुमच्या तिन्ही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं बंद होतानाचं. लोकांना वाटतं असिस्टेड म्हणजे बटणाचा चाकू. तसं नाही. बटणाच्या चाकूत स्प्रिंग पात्याला सतत बाहेर ढकलत असते आणि खटका तिला अडवून धरतो. असिस्टेडमध्ये उलटं आहे. चाकू मिटलेला असताना स्प्रिंग पात्याला आतच दाबून धरते. तुम्ही दांड्यानं पातं साधारण २०-३० अंश पुढं ढकललं की तीच स्प्रिंग मध्य ओलांडते आणि उरलेलं अंतर पात्याला बाहेर फेकते. बंद करताना हाच प्रवास उलटा होतो. आधी स्प्रिंग विरोध करते म्हणून तुम्ही जोर वाढवता, मध्य ओलांडला की ती अचानक तुमच्याच बाजूची होते आणि तुमचा जोर अधिक तिचा जोर मिळून पातं आत आपटतं. लायनर दाबणारा अंगठा नेमका तिथंच असतो. तुमचे टाके तिथले आहेत. यात चाकू बिघडलेला नाही, त्याची घडणच ही आहे.

ही घडण अशी होण्यामागं अमेरिकेतल्या कायद्याचाही हात आहे. तिथं १९५८ साली बटणाच्या चाकूंच्या आंतरराज्य विक्रीवर बंदी आली. २००९च्या दुरुस्तीनं असिस्टेड चाकू त्यातून वगळले, ते याच मुद्द्यावर, की त्यांचा मूळ कल मिटून राहण्याकडं असतो.

दुसरं धारेचं. ८सीआर१३एमओव्ही म्हणजे साधारण ०.८ टक्के कार्बन, १३ टक्के क्रोमियम. कडकपणा रॉकवेलवर ५७ ते ५९ च्या घरात. या किमतीला वाईट स्टील नाही. सहजी गंजत नाही, पाजवायला सोपं. तुमची धार नळीनं गेली नाही, नळीवरच्या मातीनं गेली. मातीतली वाळू पोलादापेक्षा कडक असते. नळी फडक्यानं पुसून कापा, धार किती जास्त टिकते ते बघा.

तिसरं पातं अडकण्याचं, त्याचं उत्तर गुऱ्हाळवाले कुणी असतील ते माझ्यापेक्षा चांगलं देतील.

सुगरण_बावडा
एका हातानं कापायचंय म्हणून एवढा खटाटोप? आमची विळी बघा. पातं स्थिर, दोन्ही हात भाजीला मोकळे. पायाखाली दाबली की झालं.

ठिबकवाला
ताई, विळी बरोबर आहे, पण ती खिशात बसत नाही :)

रापी
आमच्याकडं चार पिढ्या चपला. दिवसभर हातात रापी असते. म्हशीचं कमावलेलं कातडं कापायचं म्हणजे काय ते कापणाऱ्यालाच ठाऊक. रापीला ना घडी, ना स्प्रिंग, ना स्क्रू. पातं आणि मूठ, बस्स. धार उतरली की शेजारच्या दगडावर चार हात मारायचे, पुढं चालू. दिवसात किती वेळा पाजवतो ते मोजत बसत नाही कुणी.

दादा, तुम्हाला पन्नास वेळा चाकू लागतो म्हणताय. मग तो पन्नास वेळा उघडायचा आणि पन्नास वेळा मिटायचा कशाला? लहान सरळ पात्याचा चाकू घ्या, कातड्याचं म्यान कमरेला लावा. म्यान मी करून देतो, पापाच्या तिकटीला येऊन नेऊ शकता. पैसे नकोत, तुमच्या अंगठ्याचं वाचून वाईट वाटलं.

आठवी_गल्ली
रापीभाऊ, नाद खुळा. ह्येला म्हणायचं कोल्हापूर.

रंकाळ्याकाठी
मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. तुमचं काम खरं आहे, चाकूही लागतो, मान्य. पण 'खट्कन उघडतो' हेच ज्याचं मुख्य आकर्षण आहे अशी वस्तू रोज खिशात असणं मला पटत नाही. माझा मुलगा अकरावीत आहे. त्याच्या वर्गातल्या पोरांकडं असलेच चाकू आहेत. कापायला काही नाही, नुसतं उघड-मिट करत व्हिडिओ काढतात. दोघांत शब्दाला शब्द लागला आणि खिशात असलं काही असेल तर काय होतं ते रोजच्या पेपरात वाचतो आपण. मोठ्या माणसांनी इथं कौतुक लिहिलेलं तीच पोरं वाचतात.

उद्यमनगरी
काकू, तुमची काळजी रास्त आहे. पण मग कोयता काय कमी आहे? आपल्या जिल्ह्यात घराघरांत कोयता, खुरपं, विळा आहे.

रंकाळ्याकाठी
कोयता घेऊन कुणी कॉलेजला जात नाही हो. तो रानातल्या खोपटात असतो, आणि रस्त्यात हातात दिसला तर दहा माणसं विचारतात. हा खिशात दिसत नाही, फरक तिथं आहे.

वकीलताई
रंकाळ्याकाठी यांचा मुद्दा आणि मूळ प्रश्नातला कायद्याचा भाग एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

शस्त्र कायदा १९५९चा. त्याखालच्या २०१६च्या नियमांत धारदार शस्त्रांच्या वर्गात ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू येतात, आणि घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. सव्वातीन इंचाचं पातं या मापात बसत नाही.

पण आपल्याकडं खरा प्रश्न दुसऱ्या कायद्याचा आहे. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१, कलम ३७(१). सण, मोर्चे, निवडणुका आल्या की जिल्ह्यात बंदी आदेश निघतो, साधारण पंधरा-पंधरा दिवसांचा. पेपरात वाचलं असेल, 'शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, सुरे, बंदुका, दंडे…' अशी यादी असते. वर्षात असे आदेश बऱ्याचदा निघतात. त्या काळात गर्दीत खिशातून असा चाकू निघाला तर इंच मोजत कुणी बसणार नाही. कलम १३५खाली गुन्हा होऊ शकतो. रानात पाइपच्या गठ्ठ्याजवळ, हत्यारांच्या पिशवीत असलेला चाकू आणि रात्री चौकात खिशात असलेला तोच चाकू, या दोन्हींकडं पोलीस एकाच नजरेनं बघत नाहीत.

आणखी एक. दिल्लीला जाणार असाल तर चाकू घरी ठेवा. तिथं १९८०ची अधिसूचना आहे. स्प्रिंगचे, गरारीदार, बटणदार किंवा कुठल्याही यांत्रिक युक्तीनं उघडणारे-मिटणारे चाकू, ज्यांचं पातं ७.६२ सेंटिमीटर लांब आणि १.७२ सेंटिमीटर रुंद किंवा त्याहून जास्त आहे, ते त्यात येतात. सव्वातीन इंच म्हणजे ८.२५ सेंटिमीटर. असिस्टेड आणि बटण यांतला जो फरक वर समजावला, तो तिथं कामाला येईल असं समजू नका.

आठवी_गल्ली
अवांतर : गरारीदार म्हणजे ते जुन्या पिक्चरमधलं कर्र-कर्र-कर्र करत उघडायचं तेच का ताई?

वकीलताई
हो, दातेरी चकतीवर अडत अडत उघडणारा. रामपुरीचा तो आवाज.

भटक्या_गगनबावडा
विमानाचंही लिहून ठेवतो. उजळाईवाडीला केबिनच्या पिशवीत विसरलेला माझा घडीचा चाकू गेला तो गेलाच. आता चेक-इनच्या सामानात आठवणीनं टाकतो. अंबाबाईच्या दर्शनाला जातानाही खिसे आधी तपासावेत.

मूळ मुद्दा. मी डोंगरात ओपिनेल (फ्रेंच कंपनीचा साधा घडीचा चाकू) नेतो, ८ नंबरचा, कार्बन स्टीलचा. लाकडी मूठ, पात्याच्या बुडाशी फिरवायची कडी. ही कडी कंपनीनं १९५५ साली आणली, त्यात बिघडण्यासारखं काहीच नाही. साडेआठ सेंटिमीटरचं पातळ पातं असं कापतं की असिस्टेडवाल्यांची जाड पाती त्यापुढं कुऱ्हाड वाटतात. कापतो तो चाकू पात्याच्या पातळपणामुळं, उघडण्याच्या वेगामुळं नाही.

दोष तेवढाच मोठा सांगतो. गगनबावड्याच्या जुलैत मूठ पाणी पिऊन फुगते आणि पातं बाहेरच येत नाही. मूठ दगडावर आपटून उघडावा लागतो. आणि कार्बन स्टील एका रात्रीत लाल होतं. उन्हाळ्यात मुठीला जवसाचं तेल मुरवलं तर फुगणं बरंच कमी होतं.

नदीकाठचा
चिखलीचा हाय मी. २०१९च्या ऑगस्टचं सांगतो.

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला ४३ फुटाला धोका पातळी. त्या साली ५५ फुटाच्या वर गेलतं पाणी. पण आमच्याकडं आकडा बघत बसाय कुणाला सवड नव्हती. रात्री गोठ्यात गुडघाभर पाणी, तीन म्हशी. दोन सोडल्या. तिसरीनं भिऊन दावं असं ओढून धरलेलं की गाठ दगडावाणी झालती, त्यात भिजून फुगलेली. सुटंना. खिशात साधा घडीचा चाकू होता, नखानं उघडायचा. एका हातात म्हशीची मोरकी. सोडली असती तर तिनं मलाच गव्हाणीवर दाबलं असतं. बॅटरी दातात. ओल्या बोटानं ती नखाची खाच काय सापडंना. शेवटी पातं ओठात धरून उघडलं. ओठ कापला, पण दावं तुटलं आणि म्हस निघाली.

तवापासनं माझ्याकडं एका हातानं उघडणाराच चाकू असतोय. कुणी कायबी म्हणा.

रंकाळ्याकाठी
वाचून अंगावर काटा आला. दादा, तुमच्यासारख्याकडं असावा, मी तो शब्द मागं घेते. पोरांबद्दलचं म्हणणं मात्र तसंच आहे.

नदीकाठचा
पोरांबद्दल तुमचंच बरोबर हाय काकू. माझ्या पोराला मीबी देत न्हाई.

रापी
एका हातानं उघडायला स्प्रिंगच लागते असं नाही ना पण. म्यानातला चाकू तर एका हातानं निघतोच. गोठ्याच्या खांबाला एक विळा कायमचा अडकवून ठेवा, पुराच्या वेळी खिसेपण भिजलेले असतात.

नदीकाठचा
हे पटलं. आता खांबाला विळा हाय आमच्या. दोनीकडच्या खांबाला.

गुऱ्हाळघर
उशिरा आलो, हंगाम सुरू आहे, चुलवाण सोडून फोन बघायला वेळ नाही.

ठिबकवाले, तुमचा चाकू अडकतोय तो रसानं. उसाचा रस वाळला की गोंद होतो. तुम्ही त्यावर तेल सोडलं असणार, सगळे तेच करतात. साखर तेलात विरघळत नाही. वरून तेल, खाली चिकटा, आणि त्या तेलाला आणखी माती. आमच्या यंत्रांचं आम्ही करतो तेच करा. कडत पाण्याच्या भांड्यात चाकू उघडा करून दहा मिनिटं बुडवा, पाण्यातच चार वेळा हलवा, जुन्या दात घासायच्या ब्रशनं सांधा घासा. मग झटकून उन्हात पूर्ण वाळवा. स्प्रिंगच्या खोबणीत पाणी राहतं, तिथं फुंका किंवा पंक्चरवाल्याकडं हवा मारून घ्या. त्यानंतर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, जास्त नको. खोबरेल अजिबात नको, थंडीत सकाळी ते थिजतं आणि तुम्ही पुन्हा म्हणाल पातं अडकलं.

कलमवाले_काका
नर्सरीत आयुष्य गेलं, त्यामुळे एक सावधगिरी सांगतो. ठिबकच्या कामासोबत बरेच जण त्याच चाकूनं आंब्याची काडीही कापतात. कलमाच्या चाकूचं पातं एकाच बाजूनं घासलेलं, दुसरी बाजू सपाट असते, म्हणून काप सरळ येतो आणि काडी खुंटाला चपखल बसते. असिस्टेड चाकूचं पातं दोन्ही बाजूंनी उतरतं, शिवाय सांध्यात केसभर हालतं. काप लाटेसारखा येतो, मध्ये हवा राहते, कलम मरतं. त्या कामाला तो वापरू नका.

ठिबकवाला
सगळ्यांचे आभार. गुऱ्हाळघर यांचा उपाय काल केला. पाणी चहासारखं लाल झालं! पातं पहिल्या दिवसासारखं सुटलं. मी खरंच तेलावर तेल सोडत होतो, तेही खोबरेल.

उद्यमनगरी, एक विचारतो. स्प्रिंग काढून टाकली तर? म्हणजे साधा चाकू होईल आणि बंद करताना ओढणारही नाही.

उद्यमनगरी
थांबा, काढू नका! हे आधीच लिहायला हवं होतं. साध्या फ्लिपर चाकूत लायनरवर एक बारीक गोळी असते, ती पात्याच्या खळग्यात बसून मिटलेलं पातं धरून ठेवते. असिस्टेडमध्ये पातं आत दाबून धरायचं काम स्प्रिंगच करते, म्हणून बऱ्याच मॉडेलांत ती गोळी नसते किंवा नावापुरती असते. स्प्रिंग काढली की मिटलेलं पातं सैल पडतं आणि खिशात आपोआप उघडू शकतं. मांडीची मोठी रक्तवाहिनी खिशापासून फार लांब नसते.

चाकूला सेफ्टीची सरकपट्टी आहे का? असेल तर खिशात घालताना लावायचीच. आणि महिन्यातून एकदा दोन गोष्टी बघा. पातं उघडल्यावर लायनर पात्याच्या बुडाखाली किती सरकलाय? तिसरा हिस्सा ते निम्मा सरकला असेल तर ठीक. काठावरच अडत असेल तर जोराचं काम देऊ नका, पातं उलटून बोटांवर येतं. दुसरं, सांध्याचा स्क्रू. रोज पन्नास वेळा उघडून तो सैल होणारच.

ठिबकवाला
सरकपट्टी नाही. क्लिपही महिन्यात ढिली झालीय.

उद्यमनगरी
मग खिशातून आजच बाहेर काढा.

भटक्या_गगनबावडा
+१. क्लिप ढिली असली की चाकू खिशात आडवा होतो, आणि किल्ल्या काढताना दांडा दाबला जातो.

सुगरण_बावडा
धार कशी लावता तुम्ही सगळे? माझ्या सुऱ्या गल्लीत चाकवाला येईपर्यंत बोथट राहतात, आणि तो ठिणग्या उडवून निम्मं पातं खाऊन टाकतो.

रापी
ताई, चाकावर नका देऊ. पातं तापलं की त्याचं पाणी उतरतं, मग कितीही घासा, धार टिकत नाही. निसणा आणा, लक्ष्मीपुरीत हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, एक बाजू खरबरीत, एक बारीक. पाणी मारा. पातं दगडावर पूर्ण झोपवू नका आणि जास्त उभंही करू नका, खाली दोन-तीन नाणी मावतील एवढंच उचला. एका बाजूनं घासत राहा, पलीकडच्या कडेला बोटाला बारीक खरखर लागली की बाजू बदला. शेवटी जुन्या कमरपट्ट्याच्या आतल्या बाजूवर दहा-बारा वेळा उलटं ओढा. टोमॅटोवर ठेवला की वजनानं आत गेला पाहिजे.

सुगरण_बावडा
खरखर लागेपर्यंत, हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. आजच आणते निसणा.

ठिबकवाला
दहा दिवसांनी परत लिहितोय, कारण विचारून गायब होणं मला आवडत नाही.

पापाच्या तिकटीला जाऊन आलो. रापीभाऊंनी म्यान शिवून ठेवलं होतं, पैसे घेतले नाहीत, वर चहा पाजला. त्यात बसवायला उद्यमनगरातून गाडीच्या जुन्या पाट्याच्या पोलादाचा लहान चाकू करून घेतला. पातं साडेतीन इंच, पाठ पातळ ठेवायला सांगितली. दहा दिवस तोच कमरेला. नळी पुसून कापतो. धार अजून आहे, काल पहिल्यांदा निसण्यावर चार हात मारले. पोलाद गंजतं, दुसऱ्याच दिवशी काकडीचा डाग पडला. पण संध्याकाळी पुसून तेलाचं बोट फिरवलं की भागतं.

असिस्टेड विकला नाही. हत्यारांच्या पिशवीत आहे, कारण पट्टीवर लोंबकळत एका हातानं व्हॉल्व्हच्या टाकीत उतरायचं असतं तेव्हा म्यानातला उघडा चाकू मला नको वाटतो, तिथं मिटलेला आणि एका हातानं उघडणारा बरा. बंद मात्र आता दोन्ही हातांनी करतो, पाठ मांडीवर टेकवून, बोटं पात्याच्या वाटेबाहेर. गावात, देवळात, बाजारात नेत नाही.

जो कुणी हाच प्रश्न घेऊन येईल त्याला माझं उत्तर : काम दिवसभर असेल तर सरळ पात्याचा घ्या. एक हात अडकलेला असताना अधूनमधून लागत असेल तर असिस्टेड घ्या, पण सरकपट्टी असलेलाच.

नदीकाठचा
रापीभाऊ, मलाबी एक म्यान लागंल. पैसे घेणार असशील तरच येतो.

रापी
या. मंगळवार सोडून कधीही.